मुंडकं उडालेला डी व्हॅलेरा : सहा महिन्यांनंतरचा अनुभव

काल रात्री माझ्या ई-पुस्तकांनी आपोआप अपडेट घेतलं आणि माझ्या १४० खुणा धुऊन निघाल्या. नाहीतर तीन स्टार देऊन गप्प बसणार होतो.

आधुनिक आयर्लंडवरचा हा पाच ई-पुस्तकांचा संच दिवाळीत ४४९ रुपयांना घेतला. या विषयावरचं एक छापील पुस्तक बाहेरून मागवलं तरी टपालासकट दीड हजार जातात. १८४५चा दुष्काळ, होमरूल, १९१६चा उठाव, यादवी, उत्तर आयर्लंड. लेखन झकास, पाल्हाळ नाही. नकाशांचं म्हणाल तर सहा इंची पडद्यावर उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्या (जिल्हे) मोजता येतात, एवढंच.

पण चौकटी! आयरिशमध्ये स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ देतात, तिला फादा म्हणतात. फादा म्हणजे ‘लांब’, थोडक्यात आपला दीर्घ. रेघ आली की माझ्या रीडरवर अख्खं अक्षर गायब, जागी रिकामी चौकट. आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी एमन डी व्हॅलेरा, त्याच्या नावाचं पहिलंच अक्षर फादावालं, त्यामुळे बिचारा दर पानावर मुंडकं उडालेला. शिन फेन (त्याचा पक्ष), डॉल (तिथली संसद), सगळ्यांची तीच गत. किरकोळ वाटेल, पण ‘दिन’च्या जागी ‘दीन’ छापलं तर आपण ऐकून घेऊ का? तिकडे एक शब्द साधा लिहिला तर माणूस, फादा दिला तर गवत!

प्रकाशकाला तीन मेल केले. उत्तर एकच: तुमच्या यंत्राचा दोष. मार्चमध्ये भाच्यानं सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रकाशकाचा फॉन्ट’ बंद केला आणि चौकटी गेल्या. फाइलमध्ये कोंबलेल्या फॉन्टात ती अक्षरंच नव्हती. यंत्राचा दोष म्हणे!

तरी निम्मा राग उतरला, कारण मग वाचन धावलं. ७ जानेवारी १९२२, डॉलमध्ये ब्रिटनशी केलेल्या तहाच्या बाजूनं ६४ मतं, विरोधात ५७. जूनमध्ये नव्या सरकारनं ब्रिटिशांकडून आणलेल्या तोफा डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतल्या आपल्याच जुन्या, तहविरोधी साथीदारांवर डागल्या आणि त्या धुमश्चक्रीत शतकांचं दप्तर जळालं. ते प्रकरण दोनदा वाचलं. डब्लिनचा उठाव २४ एप्रिल १९१६चा, आणि टिळकांचा होमरूल संघ बेळगावात निघाला तोही त्याच एप्रिलात. पुस्तकात हे नाही, असायलाच हवं असंही नाही. मी टीप करून ठेवली होती. तीही गेली.

कारण कालचं अपडेट होतं याच फॉन्टच्या दुरुस्तीचं! घेणार असाल तर खुणा आधी दुसरीकडे उतरवा आणि आपोआप अपडेट बंद ठेवा.

आणखी एक, पैसे वाचवणारं. १९१३पासून १९२१पर्यंतच्या लढ्याच्या १,७७३ साक्षी तिथल्या ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरीनं गोळा केल्या, त्या ऑनलाइन फुकट वाचता येतात. १९११ची जनगणनाही. हे आधी कळलं असतं तर तिसरा आणि चौथा भाग घेतला नसता. नाही, चौथा घेतला असता.

सहावा भाग येतोय म्हणे. नमुना प्रकरण फुकट मिळालं तर उतरवून घेईन आणि आधी डी व्हॅलेराचं मुंडकं जागेवर आहे का बघेन.