म्हैस व्याली, दिवसाची लाइट आली, अमावास्या होती: दवाखान्याच्या तारखांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस

परभणी, बीड, हिंगोलीकडच्या तालुक्याच्या गावांत बीपी-शुगरच्या पेशंटला फेरतपासणीची तारीख दिली म्हणजे तो त्या दिवशी येतोच असं नाही. नंतर विचारलं की कारणं निघतात ती अशी: म्हैस व्याली. शेतातल्या मोटरीला दिवसाची लाइट आली, पाणी द्यायला थांबलो. मळणीयंत्र ऐनवेळी आमच्या रानात आलं. फाइल लेकीच्या पिशवीतून तिच्या सासरी गेली. अमावास्येला औषध सुरू करत नाहीत. सकाळी चुकून चहा घेतला. ऐकायला विचित्र, पण यातली बहुतेक खरी असतात. म्हणून आठवण करून देणारं कुठलंही साधन घेताना आधी हे बघावं, की ते यातल्या कोणत्या कारणाला पुरं पडतं.

व्हॉट्सॲप बिझनेस हे धंदा-व्यवसायासाठीचं वेगळं ॲप फुकट आहे आणि पेशंटच्या घरात व्हॉट्सॲप आधीपासून असतंच, हे त्याचं मोठं बळ. ‘विसरलो’ हे कारण ते चांगलं हाताळतं. मात्र त्यासाठी मांडणी नीट हवी. दवाखान्याचं वेगळं सिम घ्या, डॉक्टरांचा खासगी नंबर वापरू नका. सगळ्यात जास्त घोटाळा ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना एकदम पाठवायच्या सोयीत होतो. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. काउंटरवर संदेश सुटलेला दिसतो, तिकडे काहीच गेलेलं नसतं. यावर उपाय एकच: पेशंट उठून जायच्या आत त्याच्या किंवा सोबतच्या माणसाच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून घ्या आणि त्याच फोनवरून नाव व गाव लिहून पाठवायला लावा.

पेशंटच्या चॅटला लावायची लेबलं 20 पर्यंत करता येतात. ती आजाराच्या नावाने करू नका, कामाच्या नावाने करा: ‘या आठवड्यात’, ‘उपाशीपोटी’, ‘टोळीवर’ (ऊसतोडीला गेलेला), ‘फोन दुसऱ्याचा’. तयार उत्तरांची सोय तर फारच कामाची. नेहमीचा मजकूर एकदा साठवला की तिरकी रेघ आणि छोटा शब्द टाकून तो काढता येतो. पहिला संदेश तीन दिवस आधी, दुसरा आदल्या संध्याकाळी सातनंतर पाठवा. त्या वेळी माणसं रानातून घरी आलेली असतात. वाचता न येणाऱ्यांना बोललेला संदेश पाठवा, तोही वीस सेकंदांच्या आत.

मजकुरात निव्वळ ‘उद्या तपासणी आहे’ एवढं लिहिलं तर चहाचं कारण परत येणारच. उपाशीपोटीच्या शुगरला किमान आठ तास पोट रिकामं लागतं, पाणी चालतं, चहा चालत नाही. चहा झाला की माणूस ‘आता जाऊन काय उपयोग’ म्हणून घरीच थांबतो. म्हणून असं लिहा: “उद्या गुरुवारी सकाळी आठला उपाशीपोटी या. पाणी प्यायला हरकत नाही. रोजची गोळी आणि डबा सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या. चुकून चहा झाला तरी या.” तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे त्याची फेरी वाया जात नाही. शेवटचं वाक्य गाळू नका.

अमावास्येचं कारण ॲप सोडवू शकत नाही, काउंटरवर टांगलेलं कालनिर्णय सोडवतं. तारीख देतानाच अमावास्या, एकादशी, गावचा बाजार आणि जत्रा बघून घ्या. पितृपक्षात नवीन उपचार सुरू करायला नको म्हणणाऱ्याशी वाद घालत बसण्यापेक्षा, तब्येतीला थांबणं परवडणार असेल तर पुढची तारीख द्या. नसेल तर का नाही ते तिथेच स्पष्ट सांगा. रमजानमध्ये रोजा असताना सुई टोचून घ्यावी की नाही ही शंका असते, त्यांना इफ्तारनंतरची वेळ द्या. लाइटच्या पाळीचंही तसंच. या आठवड्यात लाइट दिवसाची की रात्रीची, एवढा प्रश्न विचारला की अर्धी भांडणं मिटतात.

‘गोळ्या शिल्लक आहेत’ हे कारण मात्र हलक्यात घेऊ नये. तीस गोळ्या दिल्या आणि पस्तिसाव्या दिवशीही पाकिटात सात उरल्या, तर बारा दिवस गोळी चुकली आहे. बीपी वाढलेलं असलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, म्हणून ‘बरं वाटतंय’ यावर विसंबता येत नाही. रिकामी-भरलेली सगळी पाकिटं आणायला संदेशातच सांगा.

ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी हे ॲप एकटं पुरत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी उचलली की माणूस पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. त्याला डिसेंबरची तारीख देणं हीच आपली चूक. नवरात्राच्या आधीच बोलावून तपासा, औषधाची चिठ्ठी जेनेरिक (कंपनीच्या नव्हे, औषधाच्या मूळ) नावाने लिहून तिचा फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका आणि कारखान्याच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा. फोटो फोनमध्ये राहतो, कागद कोपीत (टोळीच्या झोपडीत) भिजतो. टीबीचा पेशंट असेल तर नुसत्या फोटोवर सोडू नका. सरकारी केंद्राकडून निक्षयमध्ये (टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) त्याची नोंद नव्या ठिकाणी वर्ग करून घ्या, म्हणजे उपचारात खंड पडत नाही.

संदेशात आजाराचं नाव कधीच नको. फोन बहुतेक घरात सगळ्यांचा असतो, आणि सुनेची गर्भपिशवीची तपासणी किंवा एखाद्याचा टीबी असा चावडीवर जाता कामा नये. तारीख, वेळ, काय आणायचं, बस.

रोज साठाहून जास्त फेरतपासण्या असतील तर हाताने संदेश पाठवणं जड जातं. मग व्हॉट्सॲपची पैसे मोजून मिळणारी व्यावसायिक सेवा घ्यावी. तिथे मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. त्याहून लहान दवाखान्याला फुकटचं ॲप पुरेसं आहे. फक्त आदल्या रात्री ज्यांच्या संदेशापुढे एकच करडी खूण दिसते, म्हणजे संदेश अजून पोचलेला नाही, त्यांना सकाळी साडेसातला फोन लावायचं काम एका माणसाकडे नेमून द्या.