जड ई-ट्रॅक की हलका इक्विनॉक्स?
कापूस वेचताना पडलेलं चांदीचं जोडवं वेचणी संपून उलंगवाडी झाल्यावर शोधायचं, तर मिनलॅब कंपनीचा जुना मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं यंत्र) ई-ट्रॅक अजूनही भरवशाचा. पण वजन बॅटरी सोडूनच १.६ किलो, त्याच कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० चं १.३४. कागदावर फरक किरकोळ दिसतो, उन्हात तासभर फिरवला की खांदाच सांगतो. शिवाय इक्विनॉक्स एका आवाजानंतर दुसरा झटकन पकडतो, म्हणून जुन्या गोठ्याजवळच्या खिळे-तारांत मी तोच नेईन. आपली काळी माती बेसॉल्टची, लोहयुक्त; इक्विनॉक्स आधी जमिनीशी जुळवून घेणं आलंच, ई-ट्रॅक ते आपोआप करतो. पाण्यात इक्विनॉक्स ३ मीटरपर्यंत चालतो, नाल्याकाठी ते बरं. आणि हो, दहा रुपयांवरचं गुप्तधन लागलं, तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, यंत्र कुठलंही असो.