जुनी अल्फा स्पायडर घेताना: इंजिन नंतर, आधी उंबरठा

अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीची स्पायडर ही उघडी गाडी 1966 ते 1993 अशी बनत राहिली. मागचा भाग बदलला, बंपर बदलले, पण गाभा तोच राहिला: ॲल्युमिनियमचं चार सिलिंडरचं ट्विन-कॅम (दोन कॅमशाफ्टचं) इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि ओढ मागच्या चाकांवर. आवाज ऐकून लोक इंजिनावर भाळतात आणि पैसे घालवतात पत्र्यात. इंजिन कितीही थकलेलं असो, उतरवून पुन्हा बांधता येतं, सुटे भागही मिळतात. सडलेल्या बॉडीचं तसं नाही.

उघड्या गाडीला वर पक्कं छप्पर नाही, त्यामुळे कण्याचं काम दारांखालच्या दोन पोकळ उंबरठ्यांना करावं लागतं. आत पत्र्याचे थर असतात, पाणी तिथे मुरतं आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगवटे दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं. स्वस्तातली दुरुस्ती म्हणजे सडक्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करून वर पुट्टी फासणं. लहान चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून उंबरठ्यावरून सावकाश फिरवा. पकड सुटली की समजायचं, तिथे पुट्टी आहे. मग टप, म्हणजे घडीचं कापडी छप्पर, उघडून ठेवा, गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि दाराच्या मागची फट बघा. फट मिटू लागली किंवा दार अडकलं, तर किंमत कितीही उतरवून मिळो, ती गाडी घेऊ नका. नव्वदीतल्या मॉडेलांना बाजूने प्लास्टिकचे स्कर्ट आहेत. ते दिसतात छान आणि खालचं सगळं झाकतात. टॉर्च घेऊन खाली आडवं व्हायला लागेल. तळाला नुकताच फासलेला काळाकुट्ट अंडरकोट दिसला की संशय घ्यावा, कारण पाणी निथळायची भोकंसुद्धा त्यानेच बुजवलेली असतात.

डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि बॅटरीखालचा पत्रा बघा. पुढच्या काचेखालच्या जाळीतून शिरणारं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबतात, म्हणून गालिचा उचलून पायाखाली हात फिरवा. गाडी कुठे राहिली हेही विचारा. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाची गाडी उन्हाने डॅशबोर्ड तडकलेली मिळेल, पण पत्रा शाबूत असेल. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. कोकणातल्या घराचे पत्रे ज्यांनी बदललेत त्यांना पुढचं सांगायला नको.

इंजिन थंडच हवं, हे विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर लगेच घाबरू नका, छोट्या फेऱ्यांत वाफ साचूनही ती धरते. तीच साय डिपस्टिकवर असेल किंवा रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग, गेलं. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नुसतं पाणी घातलेल्या गाडीत हेड स्टडना (त्याला घट्ट धरणाऱ्या लांब बोल्टना) असं धरून बसतं की उतरवताना मेकॅनिकचा जीव निघतो. गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो, ते चालतं. 3000 आरपीएमला मात्र 50 पीएसआयच्या आसपास हवा.

आता गिअरबॉक्स. लीव्हर कन्सोलमधून तिरका, जवळजवळ आडवा बाहेर येतो. हाताला सवय झाली की इतर बॉक्स अळणी वाटतात. दुखणं एकच, सेकंडचा सिंक्रो, म्हणजे गिअर न करकरता बसवणारी कडी. थंड असताना जराशी करकर चालते. वीसेक मिनिटं चालवून, तेल तापल्यावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणा. तेव्हाही करकरला तर बॉक्स उतरवणं आलं. खर्च भागांचा कमी, मजुरीचा जास्त. विकणारा स्वतः चालवताना पहिल्यावरून थेट तिसरा टाकत असेल, तर त्याला हे पक्कं ठाऊक आहे, आणि भाव पाडायला तेवढा मुद्दा पुरे. गाडी सुटताना खालून थरथर आली तर गिअरबॉक्समागची रबरी कपलिंग बघा. तिला चिरा पडतात.

अमेरिकेतल्या गाड्यांना 1969 पासून 1981 पर्यंत स्पिका कंपनीचं यांत्रिक फ्युएल इंजेक्शन होतं. त्याला लोक उगाच भितात. त्याच्या पंपाला स्वतःचा ऑइल फिल्टर आहे, आणि तो कुणी बदलत नाही, हा खरा आजार. इंजिन तापलं की मिश्रणातलं पेट्रोल कमी करणारा थर्मोस्टॅटिक ॲक्च्युएटर गेला की मिश्रण दाटच राहतं, सायलेन्सर काळा पडतो, ॲव्हरेज कोसळतं. 1982 पासून बॉशचं एल-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. तिथे हवा मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरनंतरचा जाड रबरी पाइप दाबून, वाकवून बघा. घडीत चीर असेल तर न मोजलेली हवा आत जाते आणि आयडलिंग अडखळतं. सुरू करताना डिझेलसारखी खडखड पुढच्या बाजूने आली, तर ती व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या यंत्रणेची.

रोज चालवायची असेल तर 1990 नंतरची घ्या: मोट्रॉनिक इंजेक्शन, पॉवर स्टिअरिंग, कटकट कमी. फक्त अमेरिकेत हीच गाडी तीन गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येही विकली गेली, तेव्हा जाहिरातीतला पेडलांचा फोटो मोठा करून बघा. स्वतः हात काळे करायची हौस असेल तर सत्तरीतली, आखूड शेपटीची. सुरुवातीची गोल शेपटीची ड्युएटो सगळ्यात देखणी, पण आता तिचे भाव संग्राहकांच्या हातात गेलेत.

टप सीटवर बसल्या बसल्या एका हाताने ओढता येतो, तो दोनदा उघडझाक करून बघा. मागची खिडकी प्लास्टिकची असते. थंडीत तशीच दुमडली तर तडकते. आधी घडी हाताने सैल करून, मध्ये जुनं सुती धोतर घालून मग टप खाली घ्यावा.