रबरी पट्टे आणि व्यायामाचा कागद : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वय 54, बँकेतली बैठी नोकरी, उजव्या गुडघ्याची झीज सुरू झालेली. जानेवारीत फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पिवळा, लाल आणि हिरवा असे तीन रबरी पट्टे घ्यायला सांगितले, सोबत व्यायामाचा एक कागद लिहून दिला. पट्टे चांगले आहेत, पण खरा गुण आला तो त्या कागदामुळे.

त्याआधी वर्षभर मी मोबाईलवर बघून व्यायाम करत होते. एखाद्या रविवारी तासभर, मग गुडघा सुजला की आठवडाभर बंद. कागदावर मात्र औषधाच्या चिठ्ठीसारखी मात्रा होती : आठवड्यातून किती वेळा, किती जोर लावून, किती वेळ आणि कोणता प्रकार. पट्ट्याचे व्यायाम एक दिवसाआड, दहा-बारा वेळा, असे दोन सेट. रोजचं चालणं अशा वेगाने की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, तिथे पोहोचायला मला चार महिने लागले.

आता पट्ट्यांविषयी. रंग म्हणजे वजन, असं मी समजत होते. तसं नाही. पट्टा जितका जास्त ताणाल तितका त्याचा विरोध वाढतो. मी खुर्चीच्या पायाला लाल पट्टा बांधून पाय सरळ करायचे. रोज गाठ वेगळ्या जागी पडे, त्यामुळे कधी अगदी सोपं, तर कधी गुडघ्याला कळ. मॅडमनी पट्ट्यावर पेनाने खूण करून दिली, तेव्हापासून रोजचा जोर सारखा राहिला. शिवाय रंगांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. दुसरा संच घेताना हे नक्की बघा.

पुढचा रंग कधी? शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन आवर्तनं जास्त झाली, आणि तेही लागोपाठ दोन वेळा, तरच. आणि व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच असेल, तर मात्रा कमी. मला हा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याने भीती गेली.

मे महिन्यात मुलीच्या लग्नात तीन आठवडे काहीच झालं नाही. परतल्यावर हिरवा पट्टा झेपेना. मॅडम म्हणाल्या, "ताई, कमावलेली ताकद न वापरता टिकत नाही. आठवडाभर लाल घ्या." घेतला, आणि जूनअखेर पुन्हा हिरव्यावर आले.

लवचिकतेसाठी मात्र रबरी पट्टा मला आवडला नाही. मांडीचा मागचा स्नायू ताणताना तो लांबत जातो आणि पाय एका जागी ठरत नाही. त्याऐवजी सुती पंचा तळव्याला अडकवते. आधी पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग झटके न देता ताण 30 सेकंद धरायचा, दोन-तीनदा. पूर्वी वाकल्यावर हात नडगीपर्यंत जायचे, आता घोट्याला लागतात.

एक तक्रार. लाल पट्टा सहाव्या महिन्यात कडेला चिरला. मी तो गॅलरीत उन्हात टांगत होते, आणि लॅटेक्सला ऊन सोसत नाही. आता सावलीत गुंडाळून ठेवते, दर वेळी ताणण्याआधी कडा तपासते. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलॅटेक्सचे पट्टे मिळतात, तेच मागा.