कॉलम ते डिटेक्टर: नळी स्टीलची की पीईईकेची?

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत वायगावच्या हळदीचे नमुने एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) तपासायला येतात. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं, म्हणजे त्याच्यासारखीच संयुगं, घटक वेगळे करणाऱ्या कॉलममधून एकमेकांना खेटून निघतात. म्हणून कॉलमपासून ते मोजणाऱ्या डिटेक्टरपर्यंतच्या वीतभर नळीला मी फार जपतो.

नळी स्टीलची असो की पीईईके या कडक प्लास्टिकची, भोक दोन्हींत 0.13 मिमीचंच घ्या. हाताशी आहे म्हणून 0.25 चा तुकडा लावू नका. 10 सेंमीत 1.3 मायक्रोलिटरच्या जागी जवळपास पाच मायक्रोलिटर मावतात, आणि जादा जागेत वेगळे झालेले घटक पुन्हा मिसळतात.

स्टील दणकट, दाबाला आणि सॉल्व्हंटला पक्की. आम्हीही आधी तीच लावली होती. पण स्टीलचा फेरूल (जोड घट्ट करणारं कडं) एकदा आवळला की नळीवर कायमचा बसतो आणि त्याच्या पुढे किती टोक उरणार तेही ठरून जातं. डिटेक्टर बदलला तेव्हा जुनीच नळी नव्या तोंडाला जोडली. गळती नाही, दाब ठीक, आलेखाची बेसलाइन सरळ. तरी तिन्ही पीकना (आलेखावरच्या उंचवट्यांना) शेपट्या फुटल्या. मी कॉलमला दोष दिला, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) तीनदा बनवली. शेवटी नट सोडून पाहिलं, तर टोक तळापर्यंत पोहोचतच नव्हतं. मधल्या पोकळीत सगळं घोळत होतं. नळी इथे कापावी तर कानस लावली की भोक बुजतं. नागपूरहून कापून घासलेली नवी नळी येईपर्यंत आठ दिवस नमुने पडून राहिले.

पीईईकेची नळी मी कटरने काटकोनात कापतो, टोक तळाला टेकवतो आणि तसंच दाबून धरून बोटांनी नट आवळतो. डिटेक्टर बदलला तर पुन्हा टेकवायची, एवढंच.

हळदीसाठी टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटची पद्धत वापरत असाल तर मात्र स्टीलच बरी. टीएचएफने पीईईके फुगते. आमचं काम ॲसिटोनायट्राइलवर चालतं. दाबाचा मुद्दा मला इथे तितकासा पटत नाही, कारण कॉलमनंतर दाब उरतोच किती? डिटेक्टरमधला सेल (द्रव जिथे मोजला जातो ती जागा) तुंबला तर नळीच्या आधी सेलचीच काळजी करावी लागेल.

तुमची गरज वेगळी असू शकते. पण कंपनीचा माणूस यायला दोन दिवस लागत असतील, तर मी पीईईकेच घ्या म्हणेन. वैशाखात वीज जाऊन खोली तापते, तेव्हा बोटांनी आवळलेला नट ढिला झालेला मला दोनदा सापडला. त्या दिवसांत पंप सुरू केल्यावर जोडाखाली टिश्यूचा तुकडा धरून पाहतो.