चपटा पट्टा की गोल स्लिंग? घरच्या गॅरेजात लेथ उचलताना आलेला अनुभव

साडेचारशे किलोचा लेथ (धातू कातायचं यंत्र) जमिनीपासून चार बोटं उचलायचा, दीड हात बाजूला न्यायचा आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचा, एवढंच काम होतं. पण घरच्या गॅरेजात छत जवळ, भिंत जवळ, आणि हाताशी फक्त घडीची इंजिन क्रेन, म्हणजे गाडीचं इंजिन उचलायची छोटी क्रेन. त्या लेथपासून सुरुवात करून पुढे मिलिंग मशीन, एक कॉम्प्रेसर आणि दोन इंजिनं मी अशीच हलवली. या कामांत वायर रोप (तारांचा दोर), चेन, चपटा पॉलिस्टर पट्टा आणि गोल स्लिंग, म्हणजे वजन क्रेनच्या हुकाला अडकवायच्या स्लिंगचे चारही प्रकार, हाताखालून गेले. तुम्ही आता पहिल्यांदा घ्यायला निघाला असाल, तर माझं मत कुठे झुकलं आणि का, ते सांगतो.

वायर रोपचं आधी उरकतो. ती दणकट असते, यात शंका नाही. पण घरच्या कामात वस्तू लहान, वळणं आखूड, आणि आखूड वळण हेच वायर रोपचं दुखणं. यंत्राच्या कोपऱ्यावरून एकदा वाकली की तो बाक ती विसरत नाही. पुढच्या वेळी सरळ करायला जावं, तर दुसरीकडेच पीळ पडतो. तुटलेली एखादी तार बाहेर आली, तर हातमोज्यातूनही बोटात घुसते. रोज वापर असणाऱ्या जागी तिचं काम असेल. वर्षातून चारदा लागणारी वस्तू म्हणून मला ती जमली नाही.

चेनबद्दल मात्र मला आदर आहे. दोन पायांची (खाली लोंबणाऱ्या दोन चेनची), वर मोठी कडी, खाली लॅच (हुकाचं तोंड बंद करणारी पट्टी) असलेले हुक आणि लांबी कमी करायला शॉर्टनिंग हुक, अशी ग्रेड 80 ची (ग्रेड म्हणजे चेनच्या ताकदीचा दर्जा) चेन स्लिंग इंजिनाच्या कामाला उत्तम. इंजिनाचा तोल पुढे-मागे होतो, आणि एका पायाच्या दोन कड्या कमी केल्या की ते सरळ लोंबतं. ही सोय कापडी स्लिंगमध्ये मुळातच नाही. धारदार कडा, तेल, गरम भाग यांनाही चेन डगमगत नाही. पण ती ग्रेड 80 किंवा 100 चीच हवी, आणि तसा टॅग तिच्यावर हवा. फाटकाला किंवा गाडी बांधायला वापरतात त्या साध्या चेनला उचलण्याच्या कामात जागा नाही, ती कितीही जाड दिसली तरी.

मग मी चेनवरच का थांबलो नाही? लेथच्या बेडमुळे, म्हणजे ज्यावर त्याचे भाग सरकतात त्या लांब बैठकीमुळे. घासून-तासून सपाट केलेल्या त्या पट्ट्यांवर चेनची एक कडी जरी रुतली, तरी तो व्रण कायमचा. खाली लाकूड, रबर, जाड कातडं सगळं घालून पाहिलं, पण वजन येताना चेन सरकते आणि कातडं तिथेच राहतं. शिवाय गुळगुळीत ओतीव लोखंडावर चेनची पकड मला कधी भरवशाची वाटली नाही.

तेव्हा खरी निवड उरली चपटा पट्टा आणि गोल स्लिंग यांच्यात. दोन्ही पॉलिस्टरच्या. युरोपीय पद्धतीत रंगही तेच: जांभळी एक टन, हिरवी दोन, पिवळी तीन. अमेरिकी पद्धतीच्या गोल स्लिंगमध्ये मात्र त्याच रंगांचे आकडे वेगळे असतात, म्हणून रंग बघून अंदाज बांधू नये, लेबल वाचावं. सरळ लोंबवली तर लेबलवरचा आकडा पूर्ण, फास घालून धरली तर त्याच्या ऐंशी टक्के, आणि झोळीसारखी खालून घेऊन दोन्ही टोकं उभी वर नेली तर दुप्पट. हे हिशोब दोघींना सारखेच लागू. म्हणजे कागदावर पाहिलं तर दोघींत फारसं डावं-उजवं नाही.

मी आधी चपटा पट्टा घेतला. कारण सरळ होतं: तो डोळ्यांना समजतो. विण दिसते, शिलाई दिसते, कुठे कापला, कुठे घासला ते दोन्ही बाजूंनी तपासता येतं. आणि घ्यायचाच तर भक्कम घ्यावा म्हणून पिवळा, तीन टनी घेतला. दर टनाला साधारण 30 मिलिमीटर रुंदी या हिशोबाने तो 90 मिलिमीटर रुंद होता. हातात घेतल्यावर फार धीर आला होता.

तो धीर हुकापाशी संपला. इंजिन क्रेनचा हुक लहान असतो. पट्टा लेथखालून झोळीसारखा घेतला, म्हणजे त्याचे दोन्ही डोळे (टोकांचे शिवलेले लूप) त्या एका हुकात बसवायचे. पहिला डोळा कसाबसा दुमडून तळाशी गेला. दुसरा त्याच्या डोक्यावर चढून बसला, आणि हुकाची लॅच बंद होईना. ढकलून, पिळून, पट्ट्याची घडी करून ती एकदाची बंद केली. क्रेनचा दांडा हलवायला लागलो, पट्टा ताणला गेला, आणि नीट पाहिलं तर त्याचा एक काठ तारेसारखा ताठ आणि दुसरा चक्क ढिला. सगळी रुंदी वजन घेईल म्हणून एवढा रुंद पट्टा घेतला, आणि वजन घेत होती त्यातली काही बोटंच.

लेथ जमिनीवरून सुटला आणि वरचा डोळा खालच्यावरून घसरला. ‘खाड्’ असा आवाज झाला, लेथ जेमतेम बोटभर खाली आला आणि हेलकावे घ्यायला लागला. काही तुटलं नाही, कुणाला लागलं नाही. पण साडेचारशे किलो लोखंड तुमच्यासमोर आपसूक हलतं, तेव्हा ते बोटभर अंतर फार मोठं वाटतं. मी लेथ खाली टेकवला आणि त्या दिवशी पुन्हा उचलला नाही.

यावर उपाय नाही असं नाही. हुक आणि पट्ट्याच्या मध्ये मोठ्या पोटाची बो शॅकल (पिन लावून बंद होणारी लोखंडी कडी) घातली तर डोळ्यांना जागा मिळते. रुंद पट्ट्यांचे डोळे दुमडून अरुंद केलेलेही मिळतात. मी शॅकल घातली, आणि तिने जवळजवळ वीतभर उंची खाल्ली. मोठ्या जागेत ही वीत कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझ्याकडे क्रेनचा दांडा पूर्ण वर गेल्यावर लेथचे पाय जमिनीपासून मोजून चार बोटं सुटत होते. शॅकल लावल्यावर ते सुटेचनात. पट्टा आखूड करायला गाठ मारणं हा पर्याय नव्हे, कारण गाठीपाशी कापडी स्लिंगची ताकद निम्म्यावर येऊ शकते. गाठ मारलेली स्लिंग वापरूच नये, हा नियम याच कारणाने आहे.

या प्रकारात दुसरी एक गोष्ट उमगली. तीन टनी पट्टा घेण्याची मला गरजच नव्हती. बऱ्याच दोन टनी इंजिन क्रेन दांडा पूर्ण बाहेर ओढल्यावर जेमतेम अर्धा टन उचलण्याच्या लायकीच्या राहतात, ते दांड्याच्या भोकांशेजारी लिहिलेलंही असतं. म्हणजे माझ्या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा क्रेन होती. स्लिंग जादा ताकदीची घेऊन मी फक्त जादा रुंदी विकत घेतली, आणि ती रुंदीच नडली. एक टनी चपटा पट्टा घेतला असता तर त्रास बराच कमी झाला असता, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

त्यानंतर एक टनी, जांभळ्या गोल स्लिंगची जोडी आणली. गोल स्लिंग म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्यांची लांबच लांब लड, तिचं बंद वेटोळं आणि वरून कापडी खोळ. आतले धागे एकमेकांना शिवलेले नसतात. त्यामुळे हुकात घातली की ती हुकाचा आकार घेते आणि ताण आल्यावर धागे आपापसांत सरकून वजन वाटून घेतात. दोन्ही टोकं शेजारी-शेजारी बसली, लॅच सहज बंद झाली. पहिल्यांदा उचललं तेव्हा मी त्या ‘खाड्’ची वाट बघत दांडा हलवत होतो. तो आवाज आलाच नाही. तेव्हापासून पंधरा-वीसदा तरी उचल झाली असेल, अजून आलेला नाही. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण वजन येताना हाताला जे जाणवतं त्यात दोघींचा फरक स्पष्ट आहे.

दुसरा फायदा नंतर ध्यानात आला. चपट्या पट्ट्याचे डोळे ठरलेल्या जागी शिवलेले, म्हणून झीज दर वेळी तिथेच. गोल स्लिंग फिरवता येते, आज हुकात असलेला भाग उद्या बाजूला. फक्त लेबल हुकात किंवा यंत्राखाली येऊ देऊ नये, कारण लेबल फाटून वाचता येईनासं झालं की स्लिंग वापरातून काढावी लागते.

आता तिचे दोष. आतले धागे दिसत नाहीत, आणि ही बाब मला अजूनही थोडी खटकते. खोळ फाटून आतले धागे दिसू लागले, तर आत काय झालंय ते कळायला मार्ग नाही, तिथे स्लिंगचा शेवट. पट्ट्यावरची खरवड निदान निरखून पाहता येते. म्हणून उचलण्याआधी मी गोल स्लिंग हातातून पूर्ण एक फेरा फिरवतो, बोटांना कुठे गाठ, कडकपणा किंवा पोकळी लागते का बघतो. लांबीतही फसगत होऊ शकते. एक मीटरची स्लिंग म्हणजे ओढून धरल्यावर एक मीटर, तिचा पूर्ण घेर दोन मीटर. आणि कॉम्प्रेसरच्या टाकीसारख्या रुंद, पातळ पत्र्याच्या अंगाला चपटा पट्टाच बरा, तिथे दाब पसरतो. माझा पिवळा पट्टा मी टाकून दिलेला नाही, तो अशा कामाला निघतो.

धारेच्या बाबतीत दोन्ही तितक्याच नाजूक. ताणलेल्या पॉलिस्टरला लोखंडाची ताजी, न मारलेली कड सुरीसारखी कापते, आणि लेबलवरचा कोणताही आकडा तिथे कामाला येत नाही. ढोबळ खूण अशी, की कडेची गोलाई स्लिंगच्या जाडीपेक्षा कमी असेल तर ती कड धारदार समजावी. मी कोपऱ्यावर उभा चिरलेला जाड रबरी पाइप किंवा कडा मारलेलं लाकूड घालतो. लेथच्या बाबतीत लीडस्क्रू आणि फीड रॉडवर (बेडच्या लांबीने जाणारे दांडे) स्लिंगचा दाब येता कामा नये, नाहीतर ते वाकतात. बेडखाली आडवा भक्कम ओंडका देऊन स्लिंग त्यांच्यापासून दूर ठेवली की हा प्रश्न मिटतो. वजन हेडस्टॉककडे (काम फिरवणारं लेथचं डोकं) जास्त असतं, म्हणून स्लिंग त्या बाजूला घ्यायची आणि कॅरेज व टेलस्टॉक हे बेडवर सरकणारे भाग दुसऱ्या टोकाला सरकवून, घट्ट करून तोल साधायचा. चेनच्या कड्या कमी-जास्त करण्याची सोय इथे कॅरेज भरून काढतं.

छत बुटकं असल्यावर आखूड स्लिंग घेऊन पाय फाकवण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोन पाय आडव्या रेषेशी 60 अंशांत असतील, तर साडेचारशे किलोच्या वजनात प्रत्येक पायावर सुमारे 260 किलो येतात. 45 अंशांत 320 च्या आसपास, आणि 30 अंशांत प्रत्येक पायावर पूर्ण साडेचारशे. माझ्या एक मीटरच्या जोडीत कोन साधारण 60 च्या घरात राहतो आणि लेथ चार बोटं सुटतो. त्याहून आखूड घ्यायची वेळ आली, तर मी उचलण्याचा नाद सोडून पाइपांवरून घरंगळवत नेईन.

तुमचं काम मुख्यतः इंजिनं काढण्या-बसवण्याचं असेल, तर बिनदिक्कत चेन घ्या. रुंद टाक्या, पत्र्याची कपाटं असतील, तर अरुंद डोळ्यांचा चपटा पट्टा. तुमच्या क्रेनचा हुक मोठा असेल आणि वर उंची मोकळी असेल, तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. पण हुक लहान, छत बुटकं आणि उचलायचा लेथ किंवा मिलिंग, असं असेल तर एक टनी गोल स्लिंगची एकसारखी जोडी घ्या असं मी म्हणेन. घेण्याआधी पट्टा असो वा गोल स्लिंग, शक्य असेल तर दोन्ही टोकं आपल्या क्रेनच्या हुकात घालून लॅच बंद होते का, तेवढं बघा. वापरून झाल्यावर ती उन्हात टांगू नका, आणि कॉस्टिक (तीव्र अल्कली) असलेल्या डिग्रीझरपासून, म्हणजे तेल-ग्रीस काढायच्या द्रावणापासून, लांब ठेवा. बॅटरीचं ॲसिड पॉलिस्टर बऱ्यापैकी सोसतं, कॉस्टिक नाही. नायलॉनचं याच्या उलट. माझी जोडी दाराआड, सावलीतल्या खुंटीवर असते.