टेली-मानस १४४१६ : तरुण मुलांसाठी ही सेवा किती कामाची?

आधी निकाल सांगून टाकतो. दहावी-बारावी, जेईई-नीट, हॉस्टेल, पहिली नोकरी किंवा हाती नोकरी नसणं, यांपैकी कशानेही खचत चाललेल्या मुलामुलींना मोकळेपणाने सुचवावी अशी ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा आहे. पहिली पायरी, म्हणजे फोनवरचं बोलणं, भक्कम आहे. दुसरी पायरी, म्हणजे पुढचा उपचार, मात्र तुमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचाराची काय सोय आहे यावर अवलंबून असते, आणि खरी अडचण तिथेच येते.

‘हल्लीची पोरं नाजूक झाली आहेत’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं. आम्हाला ते पटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्याआधी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळला होता, आणि गरज असूनही उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण बहुतेक आजारांत ७० टक्क्यांच्या वर होतं. मूल पडल्यावर पुन्हा उभं राहतं की नाही, हे त्याच्या स्वभावाइतकंच पहिला त्रास आणि पहिलं बोलणं यांत किती दिवस गेले यावर ठरतं. हे दिवस कमी करणं हेच टेली-मानसचं काम, आणि आम्ही तिला त्याच मापाने मोजतो.

२०२२-२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला सेवा सुरू झाली. मुख्य केंद्र बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, तांत्रिक बाजू तिथल्याच आयआयआयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेकडे. फोन १४४१६ वर लावायचा. चोवीस तास, फुकट, मराठीसह २० भाषांत. भाषा निवडली की कॉल राज्याच्या केंद्राकडे जातो आणि प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. त्याला गरज वाटली तर तो केंद्रातल्या तज्ज्ञाकडे नेतो. त्याहून जास्त लागलं तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरांची सरकारी सेवा.

बरेच कॉल पहिल्या दोन मिनिटांतच फुकट जातात. मेनू ऐकताना धीर सुटतो, किंवा समोरून आवाज आला की ‘काही नाही, टेन्शन आहे’ एवढंच तोंडातून निघतं. म्हणून तीन गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात: काय होतंय, किती दिवसांपासून, आणि त्यामुळे काय बंद पडलंय. ‘तीन आठवडे झाले, रात्री दोनपर्यंत झोप नाही, क्लासला जात नाही, जेवण एक वेळ’ असं सांगितलं की समुपदेशकाला लगेच दिशा मिळते. आधीची औषधं, दारू वा इतर नशा आणि पूर्वी स्वतःला इजा केली असेल तर तेही सांगावं. नाव सांगायची तयारी नसेल तर तसं स्पष्ट बोलावं, जिल्हा मात्र खरा सांगावा, कारण पुढची सोय त्यावरून लागते.

‘जीव द्यावा असं वाटतं का?’ हा प्रश्न थेट विचारला जाईल. पालक यावर दचकतात. पण असं विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट बोलता येते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच कॉलमधून सुरक्षा आराखडा हातात यायला हवा. आपलं बिघडत चाललंय हे कोणत्या खुणांवरून कळतं, एकट्याने करता येण्यासारखं काय, कोणाकडे किंवा कुठे जाऊन बसायचं, कोणाला खरं सांगायचं, कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, आणि घरातली घातक वस्तू कोणाच्या ताब्यात द्यायची. शेतीच्या घरात फवारणीचं औषध कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे यातलं सगळ्यात परिणामकारक पाऊल. अनावर झालेली वेळ अनेकदा थोड्या अवधीत ओसरते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. आराखडा मिळाला नाही तर मागून घ्या आणि लिहून ठेवा. आत्ता, या क्षणी धोका असेल तर मात्र १४४१६ वर थांबू नका: ११२ किंवा १०८, आणि त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही.

गोपनीयतेबद्दल मुलं सर्वांत आधी विचारतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने ती दिलेली आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद होतो, आणि तो योग्यच आहे. दुसरा अपवाद फार थोड्यांना माहीत असतो: १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. मुलाने सांगण्याआधी त्याला हे माहीत असलेलं बरं. नंतर कळलं तर विश्वासघात वाटतो आणि पुन्हा तो फोन करत नाही. जीव द्यायचा प्रयत्न केल्याचं सांगितलं तर पोलिसांत जावं लागेल, ही भीतीही अनेकांना असते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं याच कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं.

आता उणिवा. फोनवर गोळ्या मिळतील या आशेने कॉल केला तर निराशा होते. समुपदेशक औषध देऊ शकत नाही. डॉक्टरलाही २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार नैराश्याची बहुतेक औषधं पहिल्यांदा सुरू करायची तर व्हिडिओवर पेशंट पाहावा लागतो, नुसत्या आवाजावर नाही. अल्पवयीन असेल तर सोबत मोठी व्यक्ती लागते. म्हणजे घरच्यांपासून लपवून बोलणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला आधार मिळतो, औषधोपचार मिळत नाही. तिच्या बाबतीत समुपदेशकाकडून एकच गोष्ट मागावी: मावशी, आत्या, वर्गशिक्षिका, कोणा एका मोठ्या माणसाला कसं सांगायचं, याची तयारी. टेली-मानसचं ॲप १० ऑक्टोबर २०२४ ला आलं, व्हिडिओची सोयही आली, पण ती सगळ्या राज्यांत एकदम नाही. आपल्याकडे आहे का ते कॉलवरच विचारून घ्यावं.

दुसरी उणीव सातत्याची. पुढच्या वेळी तोच आवाज मिळेल असं नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगणं तरुणांना फार जड जातं. कॉल संपवण्याआधी विचारा: माझी नोंद कशी सापडेल, तुम्ही परत फोन करणार का, कधी? आणि रुग्णालयात पाठवत असतील तर विभागाचं नाव, वार आणि ओपीडीची वेळ लिहून घ्या. ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ एवढ्यावर फोन ठेवला तर मूल बहुतेक वेळा केसपेपरच्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण सुरुवातीला तिथेच जायला हवं असं नाही. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मानसोपचार ओपीडी बहुतेकांना पुरते.

तिथे नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या तर गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पंचविशीच्या आतल्यांत पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा जीव देण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून तेवढे दिवस घरच्यांनी जवळ राहावं आणि गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. या मधल्या काळात १४४१६ चा खरा उपयोग होतो, कारण डॉक्टरची पुढची तारीख लांब असते आणि रात्र आज काढायची असते.

पालकांनी स्वतःही फोन करावा. मुलाच्या हातात फोन कोंबून ‘बोल यांच्याशी’ म्हणण्यापेक्षा, आपण घरात कसं वागायचं हे विचारणारा आईचा किंवा वडिलांचा कॉल जास्त कामाला येतो. सरकारी नंबर पाठ असला की दुसरीकडे शोधावं लागत नाही. कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर ते टेली-मानस नव्हे. लहान मुलांचा छळ होत असेल तर मदतीसाठी १०९८ आहे. विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मनोदर्पण ही समुपदेशन सेवाही आहे, पण रात्री-अपरात्री तिचा उपयोग नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत शिक्षणसंस्थांनी टेली-मानससारखे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये आणि वेबसाइटवर ठळक लावावेत असं सांगितलं आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशकही हवा. संस्थाचालकांना एवढंच सांगायचं आहे की नुसता कार्यालयासमोरच्या फलकावर तो कागद लावू नका. तिथे चारचौघांत उभं राहून कोणी नंबर टिपून घेत नाही. हॉस्टेलच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून, ओळखपत्राच्या मागच्या बाजूला आणि परीक्षेच्या हॉलतिकिटावर छापा, आणि मुलांना कॉल करायला दार लावता येईल अशी एक खोली द्या.